डाव्या पायाचा दिवा

विमान बनवणाऱ्यांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित माणूस कोण, तर पाय बनवणारा. इंजिनवाल्यांचं कौतुक होतं, पंखवाल्यांचे फोटो छापून येतात, आणि आम्ही आपले पायाशी. आमचं काम चोख झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि फसलं की सगळ्या जगाला कळतं. गेली सव्वीस वर्षं मी विमानांचे पाय बनवतेय. ऑफिसात मला पायवाल्या बाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. मी कधी हरकत घेतली नाही. नावं ठेवायला लोकांना काहीतरी लागतंच, आणि हे निदान खरं तरी आहे.

आमचं नवं लढाऊ विमान पहिली अकरा उड्डाणं पाय खाली सोडूनच उडालं. लढाऊ विमान म्हटलं की लोकांना सुसाट काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात पहिले काही महिने ते बगळ्यासारखं पाय लोंबकळत फिरतं, कारण आधी ते नीट उडतंय, वळतंय, उतरतंय एवढंच बघायचं असतं. मग एक दिवस ठरतो. आज पाय पोटात घ्यायचे आणि परत बाहेर काढायचे. कागदोपत्री त्या दिवसाला ‘टप्पा चार’ असं रुक्ष नाव होतं. टप्पा चार पार पडला तर दुसरं विमान बांधायला परवानगी, नाहीतर प्रकल्प गुंडाळायचा, असं वरून स्वच्छ शब्दांत कळवलं होतं. नऊ वर्षांचं काम, चारशे माणसं, आणि विमान एकच.

ते उडवणार होता टिल्लू.

टिल्लू माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. ताईची नोकरी बदलीची, म्हणून शाळेची शेवटची सहा वर्षं तो माझ्याकडे राहिला. आता सहा फूट उंच आहे, चौतीस वर्षांचा आहे, पण घरात टिल्लूच. तो चाचणी वैमानिक होऊन आमच्याच प्रकल्पावर आला, तेव्हा मी लेखी कळवलं होतं की हा माझा भाचा आहे. वरचे साहेब म्हणाले, बरंच झालं, आता पाय जरा लक्ष देऊन बनवाल. मला हसू आलं नव्हतं. ताईचा तर प्रत्येक उड्डाणाच्या आदल्या दिवशी फोन यायचा. विमानाबद्दल ती काही विचारायची नाही, तिला त्यातलं कळतही नाही. तू आहेस ना तिथे, एवढंच विचारायची, मी हो म्हणायची, आणि तिचं समाधान व्हायचं.

आता त्या दिव्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापासून सुरू झालं.

पाय पूर्ण खाली आला की एक पोलादी हूक खटकन खोबणीत बसतो आणि पाय जखडला जातो. हूक बसताना एका छोट्या बटणाला टेकतो, आणि वैमानिकासमोर त्या पायाचा हिरवा दिवा लागतो. तीन पाय, तीन दिवे. मार्च महिन्यात आम्ही विमान हँगरमध्ये जॅकवर उचलून पाय आत-बाहेर करून बघत होतो, तेव्हा डाव्या पायाचा दिवा छळायला लागला. हूक पुरता बसलेला डोळ्यांनी दिसत होता आणि दिवा मात्र लागायचा, विझायचा, परत लागायचा. तीन दिवस त्याने आमचा जीव खाल्ला. चौथ्या दिवशी मी बटणाखाली एक पातळ चकती सरकवली, म्हणजे बटण जरा पुढे आलं आणि हूक त्याला लवकर टेकायला लागला. माझा फिटर टॉर्च धरून शेजारी उभा होता. तो म्हणाला, बाई, दिव्याला वळण लावताय होय? मी म्हटलं, खोटं बोलतोय तर लावायला नको? मग आम्ही पाय वीस वेळा आत-बाहेर केला. वीसही वेळा हूक पूर्ण बसला आणि वीसही वेळा दिवा झक्क लागला. नोंदवहीत मी लिहिलं, ‘बटण जुळवले’. त्यात खोटं काही नव्हतं. बटणं रोजच जुळवतो आम्ही.

टप्पा चारच्या दिवशी सकाळी आकाश निरभ्र होतं. नियंत्रण कक्षात आम्ही चौदा जण होतो, प्रत्येकासमोर आपापला पडदा. तिथला एक नियम कुणीही मोडत नाही. वैमानिकाच्या कानात एकच आवाज जातो, उड्डाणप्रमुखांचा. बाकीच्यांनी काय ते आपसांतल्या लाइनवर प्रमुखांना सांगायचं, त्यांना पटलं तर ते वर सांगणार. चौदा माणसं एका माणसाच्या कानात बोलायला लागली तर तो विमान कधी उडवणार, असा साधा हिशोब. आमचे प्रमुख तसे अबोल गृहस्थ. आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकलं नाही.

टिल्लूने पाय आत घेतले. काही कुरकुर झाली नाही. सोबतच्या विमानातून दुसरा वैमानिक त्याच्यावर लक्ष ठेवून होता, तो म्हणाला, छान मिटले, झाकणं बंद. दहा मिनिटं टिल्लू पाय पोटात घेऊन उडाला. ते पहिल्यांदा लढाऊ विमानासारखं दिसलं म्हणे. मी पाहिलं नाही, मी पडदा बघत होते. मग प्रमुखांनी पाय काढायला सांगितलं. एक हिरवा, दोन हिरवे, तीन हिरवे. टिल्लू वरून म्हणाला, तीन हिरवे, आणि कक्षात टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. पायवाल्या बाई, जिंकलात, असं कुणीतरी म्हणालं.

माझ्या पडद्यावर पायांतल्या तेलाच्या दाबाची रेघ असते. हूक खोबणीत बसतो त्या क्षणी त्या रेघेवर छोटंसं टेंगूळ येतं. हँगरमध्ये वीसच्या वीस वेळा आलं होतं. आत्ता उजव्या पायाच्या रेघेवर होतं, पुढच्या पायाच्या रेघेवर होतं. डाव्याची रेघ सपाट होती आणि दिवा हिरवा होता.

मी रेघ मागे नेऊन पुन्हा पाहिली, मोठी करून पाहिली. टेंगूळ नव्हतंच.

लपवून काय करायचं, मी गप्प बसण्याचा विचार केला. फार वेळ नाही, तीन-चार श्वास. हूक बसलेला असण्याचीच शक्यता जास्त होती. हवेत पाय वाऱ्याविरुद्ध खाली येतो, संथ येतो, त्यामुळे टेंगूळ उठलंच नसेल. चार मिनिटांत टिल्लू उतरला असता, टप्पा पार झाला असता, आणि चकती मी दुसऱ्या दिवशी गुपचूप काढून टाकली असती. चारशे माणसांच्या नऊ वर्षांवर मी एका सपाट रेघेपायी पाणी ओतायचं? पण हूक बसलेला नसला, तर ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने चाक टेकताच डावा पाय मुडपणार, पंख जमिनीत घुसणार, आणि पंखात इंधन असतं.

मी लाइनवर म्हटलं, “डावा पाय. मला खात्री नाही.”

टाळ्या विरून गेल्या. प्रमुख वळले. “दिवा हिरवा आहे.”

“त्या दिव्यावर माझा विश्वास नाही.”

“का?”

“त्याला लवकर लागायला मीच शिकवलंय.”

आणि मग चकतीचं सगळं मी सांगितलं. चौदा माणसांच्या त्या खोलीत मला माझाच आवाज परका वाटत होता. प्रमुखांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, माइकवर टिल्लूला उतरणं थांबवायला सांगितलं आणि इंधन किती उरलंय ते विचारलं. बावीस मिनिटांचं होतं.

सोबतच्या वैमानिकाला जवळ जाऊन बघायला सांगितलं. तो म्हणाला, दोन्ही पाय सारखेच दिसतायत. दिसणारच. फरक काही मिलिमीटरचा, आणि हूक झाकणामागे. पाय परत आत घेऊन पुन्हा काढायचा का, असं कुणीतरी विचारलं. ते मी तिथल्या तिथे उडवून लावलं, कारण आत घेतलेला पाय अर्ध्यातच अडकला तर उरलीसुरली आशाही गेली. मग प्रमुखांनी टिल्लूला विमान जोरात वर खेचायला सांगितलं, म्हणजे पायाच्या स्वतःच्या वजनाने हूक आत जाईल. त्याने चार वेळा खेचलं. रेडिओवर त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. रेघ सपाटच. मग डावी-उजवीकडे हिसके दिले. काही नाही. शेवटी आणीबाणीची हवेची बाटली सोडली. ती एकदाच वापरता येते, आणि तिचा दाब माझ्या रेघेवर दिसत नाही. म्हणजे त्यानंतर हूक बसला असला तरी मला कळणार नव्हतं. माझा शेवटचा डोळाही गेला. इंधन तेरा मिनिटांचं उरलं.

मी हँगरमध्ये फिटरला फोन लावला. चाचणीच्या घोडीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, त्याच बनावटीचा एक जादा पाय होता.

“आपण चकती घातल्यावर हूक कितपत आत गेला की दिवा लागतो, ते मोजलं होतं का?” मी विचारलं.

“नाही बाई. आपण पूर्ण बसलेलाच बघत होतो प्रत्येक वेळी.”

हेच ते. वीस वेळा आम्ही पाहिलं की हूक बसला तर दिवा लागतो. हूक बसला नाही तर दिवा लागत नाही ना, हे एकदाही पाहिलं नाही. सव्वीस वर्षं पायांत घालवलेल्या बाईने पाहिलं नाही. माझी मलाच चीड आली, इतकी की भीतीही क्षणभर मागे पडली. मी त्याला म्हटलं, तशीच चकती घाल, हूक हाताने ढकल, आणि दिवा कुठे लागतो ते मला सांग, सहा मिनिटांत. तो फोन खाली न ठेवताच पळाला. मला त्याच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता, मग हत्यारं आपटल्याचा, मग काहीच नाही.

ती सहा मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. मी पदराला... छे, पदर कसला, कामाचा कोट होता अंगात, त्याचं बटण पिळून पिळून मी तोडलं. टिल्लू वर गोल गोल फिरत होता. मधूनच तो इंधनाचा आकडा सांगायचा, अगदी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसा. लहानपणी तो घाबरला की असाच शांत व्हायचा. ते त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

फिटर परत फोनवर आला तेव्हा धापा टाकत होता. “चार मिलिमीटर, बाई. पूर्ण बसतो तेव्हा सात. चारलाच लागतोय दिवा. तीनदा बघितलं.”

मी प्रमुखांना सांगितलं. त्यांनी विचारलं, चारवर पाय तग धरेल का. मी म्हटलं, नाही. मग आत्ता हूक चारवर आहे का? मी म्हटलं, माहीत नाही, चार आणि सातच्या मध्ये कुठेही असेल.

इंधन पाच मिनिटांचं होतं. प्रमुखांनी हे सगळं टिल्लूला सांगितलं, जसंच्या तसं. मग तो म्हणाला, “मावशीला द्या.”

त्या रेडिओवर त्याने मला कधी मावशी म्हटलं नव्हतं. प्रमुखांचा माइक आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता. त्यांनी तो काढला आणि माझ्यासमोर धरला.

“टिल्लू,” मी म्हटलं.

“तुझा अंदाज काय?”

खोटं बोलावंसं वाटलं. चार आहे म्हणावं, नक्की चार आहे, म्हणजे तो मुकाट्याने विमान सोडून छत्रीने बाहेर पडेल. पण हा मुलगा माझ्याकडे सहा वर्षं राहिलाय, माझं खोटं त्याला आवाजावरून कळतं.

“सात,” मी म्हटलं. “बसला असावा.”

“मग उतरवतो.”

“नको.”

“सात आहे म्हणतेस ना?”

“अंदाज आहे. माझ्या अंदाजावर तू उतरायचं नाहीस.”

“नऊ वर्षं आहेत, मावशी. एकच विमान आहे. मी हळू टेकवतो, उजव्या चाकावर. जमेल मला.”

“माझीही नऊ वर्षं आहेत. बाहेर ये.”

प्रमुखांनी माझ्या हातातून माइक अलगद काढून घेतला. विमान मोकळ्या माळाच्या दिशेने वळवून बाहेर पडण्याचा आदेश त्यांनी दिला. आदेश त्यांचा होता. हे त्यांनी चौकशीत तीनदा सांगितलं, मला आडोसा द्यायला. पण खोलीत असलेल्या सगळ्यांना माहीत आहे की तो कुणाच्या शब्दावर दिला गेला.

टिल्लूने आदेश पाळला. सोबतचा वैमानिक म्हणाला, खुर्ची सुटली, छत्री उघडली, छत्री नीट आहे. मग विमान एकटंच खाली जाऊ लागलं. माझ्या पडद्यावर शेवटपर्यंत तीन हिरवे दिवे होते. मग पडदा कोरा झाला. कक्षात कुणीतरी हुंदका दिला. तो इंजिनवाल्यांपैकी एक होता, दोन लेकरांचा बाप, मान खाली घालून रडत होता. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगवत नाही. प्रकल्प महिन्याभरात बंद झाला. लोकांना दुसऱ्या विभागांत वाटून टाकलं, काहींना घरी पाठवलं. जेवणाच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायचं. एकदा मात्र थांबायला उशीर झाला आणि मी ऐकलं. मावशीने भाचा वाचवला आणि विमान बुडवलं, दुसरा कुणी वर असता तर उतरवायला सांगितलं असतं बाईने. मी तशीच पुढे जाऊन ताट घेतलं आणि त्यांच्याच टेबलावर बसले. खरं सांगायचं तर हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे.

विमान पडल्यापासून नवव्या दिवशी डावा पाय सापडला, चार हात खोल चिखलात. चौकशी समितीने मोजमाप मलाच करायला सांगितलं, कारण ती खोबण माझ्याइतकी कुणाला माहीत नाही. पाच जण बघत उभे होते. हूक आपल्या जागी घट्ट होता, आदळूनही हलला नव्हता. मी चिखल पुसला, मोजपट्टी लावली. मग पुन्हा पुसून पुन्हा लावली. समितीतल्या एकाने आकडा लिहून घेण्यासाठी पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. सात, मी म्हटलं.

तशीच मी तिथून हॉस्पिटलात गेले. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या धक्क्याने टिल्लूच्या पाठीचे दोन मणके दबले होते. डॉक्टरांचं म्हणणं असं की चालेल, धावेलही, पण पुन्हा अशा खुर्चीत कधी बसायचं नाही. म्हणजे उडायचं नाही. तो मानेला पट्टा लावून उताणा पडला होता, छताशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं त्याला. ताई औषधांचं विचारायला बाहेर गेली, तेव्हा त्याने छताकडे बघतच विचारलं, “मोजलंस?”

“मोजलं.”

“किती?”

पाच म्हणता आलं असतं. साडेचार म्हणता आलं असतं. महिन्याभराने अहवालात त्याने वाचलंच असतं, पण तो महिना तरी त्याला नीट झोप लागली असती. आपण बाहेर पडलो ते बरोबरच केलं, असं तेवढे दिवस तरी त्याला वाटलं असतं.

“सात,” मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. “उतरवलं असतं मी.”

“हो.”

“जमलं असतं.”

“हो, टिल्लू.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी निघून कानाकडे ओघळलं. त्याला हात वर नेता येत नव्हता, म्हणून पुसायला मी हात पुढे केला. “नको,” तो म्हणाला. मी हात मागे घेतला.

मला त्याची क्षमा मागायची होती, पण कशाची मागायची ते ठरेना. चकतीची मागायची तर ती त्याला आधीच सांगून झाली होती. ‘बाहेर ये’ म्हटल्याची मागायची, तर ते खोटं झालं असतं. मला पुन्हा नियंत्रण कक्षात बसवलं, तीच सपाट रेघ समोर ठेवली, तरी मी पुन्हा तेच म्हणेन. सातच आहे असं वाटत असतानाही म्हणेन. ते मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं, आणि त्यावर आम्हा दोघांनाही काही करता येण्यासारखं नव्हतं.

ताई औषधं घेऊन परत आली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको सफरचंद कापत बसली होती. ताईने माझा हात धरून मला तिच्यापुढे नेलं. “ही माझी धाकटी बहीण,” ती म्हणाली. “विमानात बिघाड झाला तो हिला कळला. हिच्यामुळे माझा मुलगा आज आहे.” त्या बाईने सुरी खाली ठेवून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी टिल्लूकडे पाहिलं. बिघाड नव्हता, हे आईला सांगायला त्याला एकच वाक्य पुरलं असतं.

“हो,” तो छताकडे बघत म्हणाला, “मावशीनेच ओळखला.”